तीन डेसिबल

११ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र कसं काय, असं म्हणशील. आमच्या फोनवर हल्ली बोलताना मध्येच कोणीतरी खोकतं, आणि तो खोकला ना माझा असतो ना समोरच्याचा. तुझ्या भावोजींमधल्या डॉक्टरला राहवलं नाही, त्यांनी परवा त्या खोकणाऱ्याला औषध सांगितलं. पलीकडून खट्कन आवाज आला आणि फोन बंद. तेव्हा आता पत्र. पत्रं अजून कोणी उघडत नाही. हाताने लिहिलेलं वाचायचा सगळ्यांनाच कंटाळा आहे.

आमच्या गावात पहिला आवाजी कौल झाला. कोर्टासमोरच्याच चौकात, त्यामुळे मला माझ्या खोलीच्या खिडकीतून सगळं दिसलं. चारी बाजूंना खांब, खांबांवर काळी बोंडं असावीत तसे माइक, आणि नगरपालिकेच्या गच्चीवर आकड्यांचा लाल फलक. प्रश्न होता आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचा. सत्तेवर बसलेल्या ‘आपला माणूस’चा फोटो प्रत्येक वर्गात लावायला ते नाही म्हणाले होते. सूत्रसंचालकाने विचारलं, “हेडमास्तर नको?” चौक गरजला. फलकावर आकडा चढला. मग “हवा?” थोडासा आवाज झाला, आकडा खाली राहिला. लोकांनी मॅच संपल्यावर वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर आपली पिशवी उचलून घरी गेले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांना घरून नेलं. बायकोला सांगितलं, पुढच्या कौलापर्यंत. मी नवा कायदा काढून वाचला. तसं कलम आहे खरं: जनतेने नाकारलेला सरकारी नोकर जनतेपासून दूर ठेवावा. किती दूर, कुठे, ते कलमात नाही.

आणि आता तुझ्यासाठी. कौलानंतर यंत्राची पेटी कोर्टाच्या पडवीत ठेवली होती. तिच्यावर तपासणीची चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर जी सही होती तिची शेवटची रेघ सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. ती सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईच्या नावाने केलेली पाहिली आहे. हे यंत्र तू बनवतेस का गं?

माझ्यासमोर एक प्रकरण आलं आहे. वीटभट्टीमागच्या वस्तीला ‘बाहेरचे’ ठरवणारा कौल झाला आणि त्यांच्या दारांना सील लागलं. ती माणसं कोर्टात आली आहेत. दोन पिढ्या इथेच राहिलेली. पुढच्या आठवड्यात निकाल द्यायचा आहे. चिंगी विचारते, “आई, तू कोणाला ओरडणार?” न्यायाधीश ओरडत नाही, असं तिला सांगितलं. तिला ते पटलेलं नाही.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ताई,

यंत्र मी बनवत नाही. मी ते तपासते. फरक महत्त्वाचा आहे म्हणून लिहिते.

प्रत्येक कौलाआधी माइकवर एक छोटी डबी बसवतात. ती एकच ठरलेला आवाज काढते. माइकने तो जसाच्या तसा दाखवला तर पास, नाहीतर परत. मग चौक रिकामा असताना तिथला आवाज मोजतात: वारा, रहदारी, कावळे. तो कौलाच्या आकड्यातून वजा होतो. भिंतींवरून आवाज परत येतो, त्याचीही वजावट ठरलेली आहे. यंत्रावर बसणाऱ्या माणसाने कौल चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, खोकायचंही नाही, कारण एक माइक त्याच्या टेबलाजवळ असतो. हा शेवटचा नियम मी लिहिला आहे. त्याआधी एकाने टेबलाशी बसून शिंकून निकाल फिरवला होता. हसू नकोस, खरं आहे.

तू ज्या सुरात लिहिलंस तो मला कळला. पण मागच्या निवडणुकीतल्या मतपेट्या कालव्यात सापडल्या होत्या आणि ते प्रकरण तुझ्याच कोर्टात वर्षभर तारखा खात पडून होतं. लोकांनी ‘आपला माणूस’ला डोक्यावर घेतलं ते त्यानंतर. पेटी पळवता येते. आवाज पळवता येत नाही. मी या मोजमाप खात्यात आले ती एवढ्यासाठीच. इथे निदान एक गोष्ट खरी आहे, ती म्हणजे आकडा.

यंत्राच्या मर्यादा आहेत. त्या अहवालाच्या परिशिष्टात दिल्या आहेत. परिशिष्ट कोणी वाचत नाही, पण ते माझं काम नाही.

आई ठीक आहे. रेडिओवर ‘आपला माणूस’चं भाषण लागलं की स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन बाहेर येते. म्हणते, “बघ, कसा आपल्यासारखं बोलतो. याच्याआधीच्यांचं एक अक्षर मला कळायचं नाही.” काल मी म्हणाले, कळतं ते ठीक आहे, पण करतो काय? तर म्हणाली, “तू यंत्राशीच बोल.”

वस्तीच्या प्रकरणाबद्दल सल्ला देण्याची माझी पात्रता नाही. पण तुझी रजा शिल्लक असेल तर ती घेण्यासाठी हा महिना चांगला आहे.

— धाकटी

६ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

मतपेट्यांचा टोमणा पोचला. बरोबर जागी लागला. मी तेव्हा तारखा देत राहिले, कारण दोन्हीकडचे वकील मागत होते आणि मला वाटत होतं, घाई म्हणजे अन्याय. आता वाटतं, आम्ही सगळे जे सावकाश करत बसलो होतो, ते यांनी एका आरोळीत उरकलं, म्हणून लोकांना हे आवडलं.

रजा घेतली नाही. निकाल दिला. वस्तीची दारं उघडा, म्हटलं. कोणाचं म्हणणं न ऐकता त्याला घराबाहेर काढता येत नाही, मग काढणारे दहा असोत की दहा हजार. त्याच संध्याकाळी सील निघालं. एका म्हातारीने मला नमस्कार केला आणि विचारलं, “बाई, तुमचं आता काय होईल?” तिला माझ्याआधी कळलं होतं.

काल नोटीस आली. या महिन्याच्या अठ्ठाविसाला माझा कौल आहे. ‘ही न्यायाधीश नको? हवी?’

आता नीट वाच. तुझ्या भावोजींच्या भावाने सीमेपलीकडून तिघांची कागदपत्रं पाठवली आहेत. परवाने पंचवीस तारखेपर्यंत चालतात. भावोजी म्हणतात, आजच बॅगा भरू. ते रोज दवाखान्यातून आले की आधी कपाटावरच्या बॅगेकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी गेले तर निकाल त्याच दिवशी रद्द होतो. पळून गेलेल्या न्यायाधीशाचा निकाल राहत नाही, हेही कलमात आहे. वस्ती पुन्हा रस्त्यावर. राहिले आणि हरले तर हेडमास्तर गेले तिथे जाईन, ते जिथे कुठे असेल तिथे. राहिले आणि जिंकले तर निकाल राहील, आणि जनतेनेच ठेवलेल्या न्यायाधीशाला कोणी हात लावू शकणार नाही.

आणि जिंकेन असं मला वाटतं आहे. गावात मी बारा वर्षं आहे. चष्म्यांचा दुकानदार काल घरी आला, मागच्या दाराने. म्हणाला, “बाई, आम्ही सगळे तुमच्याच बाजूने आहोत. बाजारातल्या कोणालाही विचारा.” औषधाच्या दुकानात तेच, शाळेतल्या बायका तेच. मोजायचं म्हटलं तर अर्ध्याहून जास्त गाव माझं आहे.

म्हणून तुला एकच प्रश्न, आणि उत्तर तुझ्या पद्धतीने दे, माझं मन राखू नकोस. यंत्र प्रामाणिक आहे का? तू हो म्हणालीस तर मी राहते.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ताई,

यंत्र प्रामाणिक आहे.

तुमच्या चौकाची कागदपत्रं काढून तपासली. माइकची उंची बरोबर आहे. कोर्टाच्या दगडी भिंतीची वजावट कमी धरली होती, ती दुरुस्त करून घेतली. त्या दिवशी यंत्रावर मी स्वतः बसावं असा अर्ज केला. नात्याचा उल्लेख केला नाही, कोणी विचारला नाही. अर्ज मंजूर झाला. म्हणजे आकड्यात कोणी हात घालणार नाही, याची खात्री मी देते.

एक मर्यादा तुला माहीत असावी. आवाजाची मोजणी सरळ बेरजेने वाढत नाही. गर्दी दुप्पट झाली तर आकडा दुप्पट होत नाही. फक्त तीन डेसिबलने वाढतो. त्यामुळे तुझ्या बाजूला दुप्पट माणसं असली तरी फलकावर फरक थोडाच दिसेल. तो पाहून घाबरू नकोस.

आईला अजून सांगितलेलं नाही.

— धाकटी

१५ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तीन तर तीन. मला अर्धासुद्धा पुरेल.

तुझं पत्र मी भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तिने यंत्राबद्दल लिहिलंय, तुझ्याबद्दल एक ओळ नाही.” मी म्हटलं, तिची माया अशीच असते. लहानपणी मी तापाने पडले होते तेव्हा ही शेजारी बसून तासातासाला थर्मामीटर लावायची, कपाळावर हात एकदाही ठेवला नाही. पण झोपलीही नाही. बॅग मात्र कपाटावरून खाली उतरली आहे.

बाकी रोज कोणी ना कोणी येतं. सगळे मागच्या दाराने, त्यामुळे तिथली कडी बिघडली आहे. आल्यावर आधी खिडकी लावून घेतात. चष्मेवाला तर इतक्या हळू बोलतो की मला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागतो. “बाई, काळजी नको,” म्हणतो, आणि म्हणता म्हणता मागे वळून बघतो. मला हसू येतं. समोरच्यांचं मात्र जोरात चाललं आहे. दुसऱ्या गावांतून ट्रक भरून पोरं आणली आहेत, ती संध्याकाळी चौकात सराव करतात. थोडीच आहेत, पण घसे काय एकेकाचे! चिंगीने कानात कापूस घालून अभ्यास केला.

त्या दिवशी चौकात मला ओळख दाखवू नकोस. तुझ्या कामावर शंका यायला नको.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

निघ. तिघंही निघा. हे पत्र खात्याच्या गाडीबरोबर पाठवते आहे, दोन दिवसांत मिळेल. परवाने चालू आहेत तोवर.

तू यंत्राबद्दल विचारलंस, मी यंत्राबद्दल उत्तर दिलं. तू विचारायला हवं होतं ते हे, आणि मी न विचारता सांगायला हवं होतं: यंत्र माणसं मोजत नाही. जोर मोजतं. कुजबुज आणि आरोळी यांच्यात इतकं अंतर आहे की ते गर्दीने भरून निघत नाही. नेहमीच्या आवाजात बोलणाऱ्या पाचशे माणसांना एक ओरडणारा झाकतो. कुजबुजणाऱ्यांचा तर हिशेबच नको. ती रिकाम्या चौकाच्या आवाजात वजा होऊन जातात. हे परिशिष्टात आहे. मी लिहिलेलं आहे. चष्मेवाल्याबद्दलची तुझी ओळ वाचली आणि मग मला माझंच परिशिष्ट कळलं.

तुझ्याकडे अर्धं गाव असेल. ते मागच्या दाराने येतं.

निघ.

२१ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

पत्र मिळालं. पहिल्यांदाच तुझं अक्षर वाकडं पाहिलं.

तुझे भावोजी आणि चिंगी उद्या सकाळी निघतात. चिंगीला सांगितलं, काकांकडे सुट्टी. तिने पुस्तकं भरली, मग काढली, मग विचारलं, “सुट्टी किती मोठी?” भावोजी तिच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसले. कुठल्याच दोन जुळेनात, कारण ते बघतच नव्हते.

मी जात नाही. रागावू नकोस, तू हिशेबाने चालणारी आहेस, तर हिशेब देते. मी गेले तर वस्ती नक्की जाते. राहिले तर कदाचित जाते. तू सांगितलेली मर्यादा मला आता समजली, आणि त्यावर उपायही सोपा आहे. लोकांना ओरडायला सांगायचं.

म्हणून कालपासून मी दारोदार हिंडते आहे. आयुष्यभर कोर्टात ‘शांतता, शांतता’ करणारी बाई लोकांना म्हणते आहे, कृपा करून ओरडा. औषधवाल्याला हसू आवरेना. शाळेतल्या बाईंनी विचारलं, “नुसतं ‘हवी’ म्हणायचं की ‘न्यायाधीश हवी’ म्हणायचं?” मी म्हटलं, जे मोठ्याने येईल ते. चष्मेवाला दुकानाच्या आत, काचा लावून, दोनदा ओरडला. दुसऱ्यांदा बरा आला. मग त्याला खोकला लागला, आणि बाहेर कोणी थांबलंय का ते बघायला तो धावत गेला.

पण म्हणाला, “त्या दिवशी ओरडेन, बाई. शब्द.”

तू फक्त तुझं यंत्र सरळ ठेव.

तुझी,
ताई

२ मार्च

ताई,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल का, माहीत नाही. कचेरीत सांगितलं, एका पानाचं असेल तर देतील. पान मोठं घेतलं आहे.

तू व्यासपीठावर होतीस, तिथून तुला समोरचं दिसलं असेल. टेबलावरून दिसलं ते लिहिते.

माइक तपासले, सगळे पास. ‘नको’ आधी विचारलं. ट्रकमधली पोरं खांबांखाली विभागून उभी केली होती, प्रत्येक खांबाखाली सारखी. त्यांना कोणीतरी नीट शिकवलं होतं. मला शंका आहे की त्यांच्या माणसाने परिशिष्ट वाचलं असावं. आकडा चढला आणि बराच वेळ टिकला. बाकीचा चौक, म्हणजे बहुतेक सगळा चौक, गप्प होता. हे लक्षात घे. ‘नको’ म्हणणारे थोडे होते. मी डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला माझ्या तक्त्यात जागा नाही.

मग “हवी?” विचारलं. शाळेतल्या बाईंचा आवाज आला, एकटीचा, मध्येच तुटलेला. त्यांच्याकडे पोरं वळून बघायला लागली. चष्मेवाला माझ्यापासून जवळच होता. त्याचं तोंड पूर्ण उघडलं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. आवाज नव्हता. तो ढोंग करत नव्हता. या खात्यात येण्याआधीपासून धरून मी माणसाचा आवाज दहा वर्षं मोजते आहे, प्रयत्न आणि ढोंग यांतला फरक मला कळतो. त्याच्यातून तो निघालाच नाही.

फलकावर आकडा आलाच नाही. रिकाम्या चौकापेक्षा कमी असला की यंत्र आडवी रेघ दाखवतं.

आता पुढचं. टेबलाजवळचा माइक माझ्या तोंडापासून दोन हातांवर होता. एवढ्या जवळून एका माणसाची आरोळी सगळ्या चौकाच्या बरोबरीची होते. वेळ संपायला थोडे क्षण होते. मी हिशेब तेव्हाच केला होता: मी एकदा ओरडले असते तर ‘हवी’चा आकडा ‘नको’च्या वर गेला असता. लाल फलकावर, सगळ्यांसमोर. तो खोटा ठरवायला त्यांना माझंच यंत्र खोटं ठरवावं लागलं असतं.

मी ओरडले नाही. तू ‘सरळ ठेव’ म्हणाली होतीस, असं मी स्वतःला सांगते. ते कारण नव्हतं. नियम होता म्हणून मी गप्प बसले. वेळ संपल्यावर तक्त्यावर सही केली. रेघ सरळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या दारांना पुन्हा सील लागलं.

आईला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “त्याला माहीत नसणार. खालचे लोक परस्पर करतात. त्याला कळवलं की तो सोडेल.” रोज त्याला एक पत्र लिहिते. पत्ता म्हणून नुसतं ‘आपला माणूस’ लिहिते.

— धाकटी

१९ मार्च

चि. मोजपट्टी,

मी खुशाल आहे. इथे सर्व ठीक आहे. जेवण वेळेवर मिळते. खोलीत आम्ही बऱ्याच जणी आहोत, पैकी एक नर्स आणि एक पोस्टमास्तरीण. बोलण्यास मनाई नाही, पण कोणी फारसे बोलत नाही. हेडमास्तर इथे आहेत का ते विचारले. विचारू नये असे सांगण्यात आले.

तुझे पत्र मिळाले. वाचून झाल्यावर परत घेतले.

मी त्या वेळी चौकाकडे बघत नव्हते. तुझ्याकडे बघत होते. तुझे ओठ घट्ट मिटलेले होते, कडू औषध पाजताना मिटायचीस तसे. मला वाटले, आत काहीतरी आहे आणि आता बाहेर येईल. मी वाट पाहिली. एवढेच. दोष देत नाही. तुला समजावे म्हणून लिहिले.

चिंगीचे काही कळले तर कळव. आईला म्हणावे, रोज लिहू नकोस, बोटे दुखतील.

ताई

८ एप्रिल

ताई,

चिंगी पोचली. शाळेत घातली आहे. भावोजी लिहितात, ती वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. दवाखान्यात त्यांना काम मिळालं आहे, डॉक्टरचं नाही.

मी खात्याला टिपण दिलं. त्यात लिहिलं की हे यंत्र कौल मोजण्यास अयोग्य आहे. ते संख्या मोजत नाही, जोर मोजतं. भीती असेल तिथे तर काहीच मोजत नाही. म्हणून तुझा, वस्तीचा, हेडमास्तरांचा आणि त्याआधीचे सगळे कौल रद्द धरावेत. साहेबांनी ते माझ्यासमोर वाचलं. उठून दार लावलं. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. “तुझं बरोबर आहे,” म्हणाले. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.” मी विचारलं, मग यावर सही कराल? ते म्हणाले, “वेडी आहेस का?” आणि दार उघडलं.

टिपण वर गेलं. आठवड्याने उत्तर आलं, ते रेडिओवर. त्याने स्वतः वाचून दाखवलं, फार छान वाचलं. म्हणाला, एक शिकलेली मुलगी म्हणते की जनतेचा आवाज मोजणारं यंत्र चुकीचं आहे. मी कोण ठरवणारा? मी साधा माणूस. जनताच ठरवेल. आई ओले हात घेऊन बाहेर आली होती. शिकलेली मुलगी म्हणजे कोण, हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने रेडिओ बंद केला नाही, पण हात पुसले.

तर उद्या मोठ्या मैदानावर कौल आहे. ‘यंत्र बरोबर? यंत्र चूक?’ ‘चूक’चा आकडा वर आला तर सगळे कौल पडतात, तू सुटतेस. ‘बरोबर’चा आला तर मी नाकारलेली सरकारी नोकर होते. मोजणार त्याच यंत्राने. मी साहेबांना म्हणाले, हे कसं चालेल? ते म्हणाले, “दुसरं यंत्र आहे का आपल्याकडे?”

मला टेबलावरून काढलं आहे. माइकपर्यंत पोचता येणार नाही, मध्ये कठडे आहेत. म्हणजे आता नियमही नाही आणि उपयोगही नाही. हिशेब केला. मैदान भरलं तर एका घशाने आकडा हलत नाही, दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या जागीसुद्धा नाही. मी दोनदा तपासून पाहिलं.

तरी मी जाणार आहे आणि ओरडणार आहे. मी आजवर कधी ओरडलेली नाही, हे तुला माहीत आहे. मला ते येतं की नाही हेही मला माहीत नव्हतं. म्हणून आज न्हाणीघरात नळ सोडून करून पाहिलं. चष्मेवाल्याचं झालं तेच झालं. तोंड उघडलं, आतून नुसती हवा आली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा थोडा आवाज निघाला, फाटका.

आईने दार वाजवलं. “काय होतंय गं?”

काही नाही, म्हणाले. उद्यासाठी सराव.

मला वाटलं, गेली. मग दारापलीकडून म्हणाली, “घशातून नको काढूस, बसेल. पोटातून काढ. थांब, नळ बंद कर, मला ऐकू दे.”

मी नळ बंद केला आणि ओरडले. ती म्हणाली, “अजून.”

उद्या ती बरोबर येते आहे. कोणाच्या बाजूने ओरडणार ते मी विचारलेलं नाही, आणि तिने सांगितलेलं नाही.

— मोजपट्टी